मखमलीच्या तबकात

सोनाराच्या घरातल्या सशाचं पोट सारखं बंद पडायचं. सोनाराच्या बायकोनं फर्मान काढलं, सशाला फक्त वाळलेलं गवत. तरी परवा सोनारानं लाडानं केळं भरवलंच आणि ससा कोपऱ्यात दगडासारखा बसला. डॉक्टर म्हणाले, "औषध दिलंय. आता लेंडी पडली तर वाचला." बायकोनं नवऱ्याशी अबोला धरला आणि गवताची एकेक काडी सशाच्या तोंडापुढे नाचवत बसून राहिली. आज दुकानात गिऱ्हाईक बांगड्या निवडत होतं, तेवढ्यात ती तरातरा आत आली आणि तिनं मखमलीच्या तबकात मूठ उघडली. सोनारानं भिंग डोळ्याला लावलं. गोल, टपोऱ्या, एकसारख्या लेंड्या. एकीतही खोट नव्हती. "पुन्हा केळं भरवून बघा," ती म्हणाली. गिऱ्हाईक वाकलं. "हे कसले मणी हो? दाखवा." "विकायचे नाहीत." सोनारानं तबक जवळ ओढलं. "आमच्या हिच्या हातचं काम आहे."