पैनगंगेचा पलीकडचा काठ

शनिवारी हैदराबादहून आलेली चारुशीला रविवारी सकाळी डर्टबाईकवर आईला मागे बसवून निघाली. भीमपूरमागची मातीची वाट फुटलेल्या कापसामधून पैनगंगेवर उतरली. पलीकडच्या काठावर आईचं माहेर होतं. भावाशी भांडण झाल्यापासून अकरा वर्षं ती तिकडे गेली नव्हती. तिथे एक म्हातारा बैलांना पाणी पाजत होता. उभं राहण्याच्या ढबीवरून आईने भावाला ओळखलं. “दादाऽ!” ती ओरडली. म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून पाहिलं. “कोन हाय वं?” “सांग ना, आई!” चारुशीला म्हणाली. “नाव ऐकून त्यानं पाठ फिरवली तं?” आई पुटपुटली. म्हातारा बराच वेळ थांबला, मग बैल घेऊन चढण चढून दिसेनासा झाला. आई रिकाम्या काठाकडे बघत राहिली. चारुशीलाने किक मारताच आईने विचारलं, “पुढच्या ऐतवारी येशीन का वं?”