बुधवारचा कोबी

शाळेच्या फाटकाशी स्कूटरवरून कोबी उतरला आणि बापाने आजूबाजूला पाहिलं.

बाकीची सगळी पोरं गणवेशात होती. एक टोमॅटो नाही, गाजर नाही, साधी भेंडीसुद्धा नाही. दुसरीच्या त्या सगळ्या घोळक्यात एकटी त्याची लेक तेवढी हिरवीगार. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत रेक्झिनची पानं, पानावर पान, आणि प्रत्येक पानाच्या कडेला पांढरी पायपिंग. सोफे शिवणाऱ्या माणसाने शिवलेला कोबी तो, जन्मात उसवला नसता.

“बाबा, बाकीच्यांना बाईंचा मेसेज मिळाला नाही का रे?” कोबीने विचारलं.

त्याने फोन काढला. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती आणि जाताना एकच गोष्ट बजावून गेली होती, “स्वयंपाक नाही जमला तरी चालेल, पण बाईंचे मेसेज तेवढे वाचत जा.” म्हणून शुक्रवारचा मेसेज त्याने मोठ्याने वाचला होता. या आठवड्यात मुलं झाडाचे भाग शिकली. कुठल्या भाजीचं आपण मूळ खातो, कुठल्या भाजीचं पान, ते घरी मुलांना विचारा. बुधवारी वर्गात भाजीबाजार आहे, प्रत्येकाने एकेक भाजी होऊन यावं. त्याने इमानदारीत विचारलंही होतं. बटाटा हे मूळ नसून खोड आहे, हे त्याला या वयात लेकीकडून कळलं. मग गडी जो कामाला लागला, तो दोन दिवस फोन फोमच्या ढिगाखाली कुठे गेला याची त्याला शुद्ध नव्हती. आता त्या मेसेजच्या खाली दुसरा दिसत होता. भाजीबाजार एक आठवडा पुढे ढकलला आहे, कृपया नोंद घ्यावी.

घ्या नोंद! वाट्टेल ते शिवता येतं, पण दोन ओळी वाचता येत नाहीत. त्याला स्वतःचाच असा राग आला की बस.

“चूक झाली गं माझी. बाजार आज नाहीये,” तो खाली वाकून म्हणाला. “मागे चेन आहे, चटकन काढून टाकू.”

“आत गणवेश नाहीये. तूच म्हणालास, उकडेल.”

तेवढ्यात एक दात पडलेलं पोरगं समोर येऊन उभं राहिलं आणि ओरडलं, “ए, सोफा आला बघ!” सगळी खिदळली. लेकीची हनुवटी थरथरायला लागली. तिला उचलावं आणि सरळ घरी न्यावं, असं बापाला वाटलं. पण ती हलेना.

बाई आल्या त्या नेहमीसारख्या घाईत, काखेत तक्त्यांची गुंडाळी, चष्मा डोक्यावर. त्यांनी कोबीकडे पाहिलं, बापाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि काय ते समजल्या.

“बाई, तो दुसरा मेसेज मी...”

“थांबा हो तुम्ही.” त्या कोबीपुढे उकिडव्या बसल्या आणि एक पान चिमटीत धरून पाहिलं. “अगं बाई, पायपिंगसुद्धा! काय गं, कोबीचं आपण काय खातो?”

“पान,” कोबीने नाक ओढलं. “पण बाजार आज नाहीये.”

“नाहीच आहे. पण बाजाराच्या आधी दवंडी नको का पिटायला? मी आपली मेसेज पाठवते आणि निम्म्या घरांत ते कुणी उघडतसुद्धा नाही. तू सांगशील सगळ्यांना?”

“मोठ्यांना पण?”

“मोठ्यांनाच सांगायचं असतं, बाळा.”

कोबीने जरा विचार केला आणि बाईंचं बोट धरून आत गेला.

दिवसभर बापाचं कामात लक्ष नव्हतं. एका खुर्चीची गादी त्याने चक्क उलटी शिवली, मग उसवत बसला. पोरीला कुणी काय म्हणालं असेल, ती कुठे रडत बसली असेल, हेच डोक्यात. शाळा सुटायच्या आधीच तो फाटकाशी पोचला, तर तिथे ही भली मोठी रांग.

रांगेच्या टोकाला बाकावर कोबी उभा. न्यायला आलेल्या एकाही माणसाला त्याच्यापुढून गेल्याशिवाय मूल मिळत नव्हतं. “पुढच्या बुधवारी भाजीबाजार. एक भाजी होऊन यायचं. आज नाही, पुढच्या बुधवारी.” ओरडून ओरडून आवाज बसला होता, पण तोरा काय सांगावा! एका आजोबांनी चुकीचा वार सांगितला, तर त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. सकाळचं ते दातपडकं पोरगं आईचा पदर ओढत होतं, “मला पण रेक्झिनचाच मुळा पाहिजे.”

बापाने बाजूने पुढे घुसून पाहिलं. बाईंनी नुसती मान हलवली, तसा तो गुपचूप मागे जाऊन रांगेत उभा राहिला.

त्याची पाळी आली. लेकीने ओळखसुद्धा दाखवली नाही. काम म्हणजे काम.

“पुढच्या बुधवारी भाजीबाजार. आणि मेसेज शेवटपर्यंत वाचत जा.”

“हो.”

“तुम्ही कोणाचे पालक?”

त्याने एकवार मागच्या रांगेकडे पाहिलं.

“कोबीचा बाबा,” तो म्हणाला, पार मागच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.