रक्तातली सर्दी

तपासणी यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेषा बराच वेळ आडवी चालली होती. मग तिने किंचित मान उचलली आणि ती सरळ वर चढत गेली.

सुकन्याने श्वास रोखला. शेजारची, पडताळणीसाठी लावलेल्या नुसत्या पाण्याच्या नळीची रेषा अजून तळालाच होती. म्हणजे चूक नव्हती. न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात साध्या सर्दीचा विषाणू! कित्येक महिने प्रयोगशाळेत ती हेच शोधत होती.

ती धावतच प्रयोगशाळेच्या प्रमुख इंद्रायणी मॅडमच्या खोलीत शिरली. पंख्याने कागद उडतात म्हणून मॅडमनी तो बंद ठेवला होता. एप्रिलातली दुपार भिंतींतून आत येत होती.

“मॅडम, सापडला की! नाकात नाही, रक्तात!”

मॅडम खुर्चीत सरळ झाल्या. मास्कवरचे डोळे चमकले. “पुन्हा लावून बघितलंस?”

“बघितलं. तेच आलं. पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?” नळीवर नाव नसे, नुसता क्रमांक, हा मॅडमचाच नियम.

“वॉर्डात नाही. एक्स-रेत न्यूमोनिया दिसतोय, पण ॲडमिट व्हायला तयार नाही.”

सुकन्याचा चेहरा उतरला. त्यांच्या संशोधनात फक्त ॲडमिट झालेले पेशंट धरायचे होते. आणि असा माणूस उद्या दम लागून कुठे कोसळला तर?

“अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला असेल. खाडा नको म्हणून अंगावर काढत असणार.”

“खाड्याला घाबरतो खरा.” मॅडम हसल्या, हसता हसता खोकल्या. “आज नको, उद्या बघू म्हणतो.”

“आणि तुम्ही ऐकून घेता? आमचा थेंबभर हात चुकला तर सोलून काढता की!”

“तू काय म्हणाली असतीस?”

“म्हणाले असते, लई झालं शहाणपण. तुमच्यावाचून काही बंद पडत नाही. मुकाट चला, नाहीतर घरी फोन लावते.”

“घरी अजून सांगितलेलं नाही.”

“मग मीच सांगते. नंबर द्या!”

सुकन्या मोबाइल उघडून उभी राहिली.  मॅडम टेबलाचा आधार घेत सावकाश उठल्या.

“माझ्या नवऱ्याचा नंबर आहे तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “सांग त्यांना, मी ॲडमिट होतेय.”