डोळे सताड उघडे

"काढू नकोस गं, सवय होईल," म्हणत नवऱ्याने हेमलताच्या मास्कचा पट्टा सैल केला. झोपेत तिचा श्वास अडकून रात्रभर झोप मोडायची, म्हणून डॉक्टरांनी मास्कमधून हवा सोडणारं यंत्र दिलं होतं. सुरुवातीला ती गुदमरून मास्क भिरकावून द्यायची. हळूहळू जमलं, आणि एके सकाळी ती चक्क ताजीतवानी उठली.

त्याच दुपारी तिच्या लेकीचा, केतकीचा, कबड्डीचा अंतिम सामना होता. एरवी प्रेक्षकांत बसल्याबसल्या हेमलताला डुलकी लागायची आणि लेक हिरमुसायची. आज केतकी शेवटच्या चढाईवरून परतताना हेमलता खुर्चीवर चढून ओरडत होती, "पळ केतके, रेषा गाठ!"

सामना जिंकून केतकी थेट तिच्याकडे धावली. "आई, तू सगळं पाहिलंस?"

"सगळं! पहिल्या चढाईत तू त्या कोपऱ्यातलीला शिवली होतीस, पंचांना दिसलंच नाही!"