अडीच फुटी जिना

"आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही हो, डॉक्टर. रुंदीच अडीच फूट आहे," मुलगा म्हणाला.

जिना साडेतीन फुटी होता. मुलगा घरांचे नकाशे काढायचा. मापाच्या बाबतीत त्यानं आयुष्यात बोटभर इकडचं तिकडं केलं नव्हतं. आज त्यानं उभ्या उभ्या एक अख्खा फूट गिळला आणि वर पाणीही मागितलं नाही.

हे बोलणं हॉस्पिटलच्या खोलीच्या काचेबाहेर चाललं होतं. खोलीचं दार बंद, म्हणजे आत ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. आत बाबा उशीला टेकून दोघांकडे बघत होते. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्यांची सवय जुनी. आई होती तोवर त्यावरून तिची बोलणी खायचे.

"बरं होण्यासारखं काही राहिलेलं नाही, हे आपलं बोलून झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुखणं मात्र आवरता येईल, आणि ते घरीही आवरता येतं. नर्स रोज येऊन जाईल. फार तर दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे."

बाबांनी सकाळीच सांगितलं होतं, "घरी ने. माझ्या खिडकीपाशी टाक मला." मागणी एवढीच होती.

"बायकोची नोकरी आहे," मुलगा म्हणाला. "पोरीची परीक्षा आहे."

परीक्षा संपून आठवडा झाला होता. खरं कारण एकच होतं. ज्या खोलीत बाबा जातील, त्या खोलीचं दार नंतर आपल्याला उघडवणार नाही. पण हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा जिना बरा. तो उलटून बोलत नाही.

"ठीक आहे. तरी मी त्यांना विचारते."

"विचारा ना. फक्त घराचं नाव काढू नका. उगाच आशा लागते माणसाला."

डॉक्टरबाई आत गेल्या. मागोमाग मुलगाही गेला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून चादरीची सुरकुती सरळ करू लागला.

"आजोबा, पुढचे दिवस कसे जावेत असं वाटतं तुम्हाला?"

बाबांनी आधी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "इथंच बरं आहे. घरी जिन्याची पंचाईत."

मुलाला इतकं हलकं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली. बाहेर आल्यावर मनात आलं, पण जिन्याचं काढलं कोणी? मग त्यानंच स्वतःची समजूत घातली. म्हातारी माणसं जिन्याला घाबरतातच.

दुपारी ताई आली. आत नर्स चादर बदलत होती, म्हणून ती काचेशीच थांबली. मुलगा बघतो तर तिचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. आत बाबांचेही हलत होते. बाबा चक्क हसले.

"हे काय चाललंय?"

"गप्पा," ताई म्हणाली. "गिरणीत त्या मागांच्या खडखडाटात कुणाचं काय ऐकू येणार? तीस वर्षं ओठांवरूनच बोलले ते. मलाही शिकवलं. तू तेव्हा होस्टेलला होतास."

मुलानं तोंडावर हात ठेवला. सकाळभर ते उघडंच होतं.

ताई काचेकडे बघत एकेक शब्द जुळवून सांगू लागली. "म्हणतायत... त्याला काही बोलू नकोस. तीन दारांचं ते कपाट चढवलं, तेव्हा खालचं टोक माझ्याकडे होतं... जिन्यात आरामात वळलं होतं. त्याच्या लक्षात नसेल."

ती भावाकडे वळली.

"हा जिना कुठून आला रे मध्येच?"