सिदबाच्या नावापुढं

"वाघ मारला म्हणून लिवा," भाऊसो म्हणाला.

हेळव्यानं पेन झटकलं. घराघरांच्या पिढ्या वहीत उतरवायच्या आणि दारोदार वाचून दाखवायच्या, हा त्याचा धंदा. बाप नंदीवर बसून यायचा, हा कवठे महांकाळला एसटीतनं उतरून आला होता. भाऊसोच्या आज्ज्याचं, सिदबाचं, नाव त्याच्या वहीत होतं. नावापुढं कोरं.

"खरंच मारला काय वो?"

"मग! नुसत्या काठीनं. दोन मारलं हुतं, पर एकच लिवा. लोकं जळत्यात."

शेजारचे लालासाहेब कट्ट्यावर बसले होते. त्यांचा आज्जा भालाईत होता, असं काल हेळव्यानं त्यांच्या दारात वाचलं. तेव्हापासनं त्यांच्या एसटीडी बूथवर फोन करायला येईल त्याला ते आधी भाला ऐकवत होते.

"ह्या माळावर वाघ?" ते म्हणाले. "हितं ससा दिसायची मारामार."

"तुमच्या आज्ज्याचा भाला बघून पळाला हुता. आमच्या आज्ज्यानं वाटंत गाठला."

सगळी हसली. हरणाबाई तेवढी हसली नाही. ती भाऊसोची आत्या, सिदबाची लेक. सिदबाला डोळ्यांनी बघितलेली आता तीच एक उरली होती.

"माजा बा कुत्र्याला भ्यायचा," ती म्हणाली.

"आत्ते, गप की!"

"तू गप. आवं हेळवी, एकदा ह्यात पडलं की तुमची पोरंबी तेच वाचणार न्हवं?"

"तेच वाचणार, आजी."

"मग वाघ नगं. खरं लिवा. मेंढरं घिऊन कोकणाकडं चाललेली, आन् माजी आई वाटंत गेली. मी अंगावर पिणारी. समदी म्हणाली, पोरगी दिऊन टाक कुणाला तरी. बा न्हाई म्हणला. घोंगड्यात बांधून चालला, मेंढीच्या दुधावर जगवली. तेवढंच केलं बघा त्यानं. तेवढं लिवा."

हेळव्यानं पेन टेकवलं नाही.

"लेकीचं नाव बापाच्या पानावर येत न्हाई, आजी. लेक सासरच्या वहीत. मग सिदबानं जगवलं कुणाला म्हणून लिवू?"



हरणाबाईनं पदर पुढं ओढला. "ऱ्हाऊ द्या मग. वाघच लिवा."

भाऊसोनं डोकं खाजवलं. त्यानं डोकं खाजवलं की गावात कुणाची तरी फजिती ठरलेली.

"हेळवी, मेंढरं येत्यात का वहीत?"

"येत्यात की. पाळलेली, वाटून दिलेली, समदी."

"मग सोडा त्यो वाघ. लिवा. सिदबाचं एक आईयेगळं कोकरू हुतं. समदी दिऊन टाक म्हणली, त्यानं न्हाई दिलं. घोंगड्यात घिऊन चालला, मेंढीच्या दुधावर जगवलं. नाव हरणी."

हेळव्यानं भाऊसोकडं बघितलं, मग म्हातारीकडं. मान खाली घातली आणि लिहीत गेला.

हरणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तरी ओली शाई वाळेपर्यंत ती बघत राहिली.

"फुडं लिवा," ती म्हणाली, "अजून चरतंय."