रुपयामागं किती?

लुंबिनीला नोकरी लागली. पण हे तुम्ही अजून ऐकलेलंच नाही असं समजा. तिला तरी कुठं माहीत होतं? ती लातूरच्या एका कंपनीच्या ऑफिसात घाम पुसत बसली होती. बँकांनी ज्यांच्यापुढं हात टेकले अशी बुडीत कर्जं पडत्या भावात विकत घ्यायची, हा कंपनीचा धंदा. त्यांचा भाव ठरवणाऱ्याची एकच जागा होती.

मुलाखत घेणाऱ्या शिवशंकर सरांनी एक फाईल पुढं सरकवली. "बघून सांग, हे कर्ज रुपयामागं किती पैशाला घ्यावं?"

लुंबिनीनं फाईल उघडली. शैक्षणिक कर्ज. विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग कॉलेज. मुक्काम कंधार. फोटो तिचाच.

जास्त सांगावं तर खोटारडी ठरणार, कमी सांगावं तर स्वतःच स्वतःला कवडीमोल करणार.

"सर, ते तुमच्यावर हाय. नोकरी दिली तर शंभर. न्हाई दिली तर चार पैसेबी देऊ नका."

सरांनी फाईल मिटली. "आम्ही बाराला घेऊन बसलोय की गं बाई! तुला घेतलं तर अठ्ठ्याऐंशीचा नफा? ये सोमवारपासून."

सोमवारी लुंबिनीनं पहिला प्रस्ताव टाईप केला: "महोदय, सदर कर्जदारास नुकतीच चांगली नोकरी लागल्याचे समजते. कर्जदाराशी माझा जुना परिचय आहे. तरी हे कर्ज मला स्वतःस आपल्याच खरेदीभावाने, म्हणजे रुपयास बारा पैसे दराने, विकत मिळावे, ही नम्र विनंती."